चार खुंट्यांचा बेस

४ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य संपायच्या आत "कामात आहे" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितो आहे. पत्रही मध्येच ठेवून देता येतं, पण निदान मला ते ऐकू येत नाही.

आईच्या पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळलेली एक बेस गिटार होती, ती मी मागे बाहेर काढली. आई म्हणाली, "मामाच्या दुकानात कुणा गिऱ्हाइकानं टाकून दिलेली आहे, वाजव हवी तर." मी तिच्यावरच शिकलो. आता टायरच्या दुकानावरच्या खोलीत मास्तरांचा बँड सराव करतो, त्यात मला तात्पुरतं घेतलं आहे. एक एप्रिलपासून त्यांना एका हॉटेलात दर शनिवारचं काम मिळालं आहे. नवीन गाणी खालच्या पट्टीतली आहेत. माझी सगळ्यात जाड तार जिथे संपते, त्याच्याही खालचे सूर लागतात. मास्तर म्हणाले, "पाच तारांचा बेस आण, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल." दुसरा माणूस बघावा लागणार नाही, तो आहेच. सरावाला येतो, मागच्या खुर्चीवर बसून बिस्किटं खातो आणि माझ्या बोटांकडे बघत राहतो.

नवा बेस घेण्याची माझी ऐपत नाही. म्हणून तुमचा सल्ला हवा आहे. गिटारच्या डोक्यावर, जिथे खुंट्या आहेत तिथे, पाचव्या खुंटीसाठी एक भोक पाडायचं, खालची घोडी बदलून पाच तारांची बसवायची, आणि मानेच्या टोकाची ती हाडाची पट्टी, म्हणजे नट, पाच खाचांचं करायचं. सोबत आकृती जोडली आहे. सगळी मापं वर्कशॉपमधल्या व्हर्नियरनं घेतली आहेत, एकेक दोनदा तपासलं आहे. शिवाय सातव्या पडद्यावर जाड तार खरखरते, त्याचंही सांगा. टेबलावर ठेवून मोजलं तेव्हा मान अगदी सरळ होती.

तुमचा भाचा

११ फेब्रुवारी

मोजपट्टी,

आकृती सुरेख आहे. चौकटीत लावून भिंतीवर टांग.

त्या मानेवर पाच तारा बसत नाहीत. बसवल्यास तर तारा एकमेकींच्या मांडीवर बसतील आणि तुझी बोटं मध्ये चेंगरतील. डोक्यात भोक पाडायला तिथे जागाच नाही, लाकूड फाटेल. हे कळायला व्हर्नियर लागत नाही, डोळे लागतात.

खरखरीचं ऐक. तू मान टेबलावर आडवी ठेवून मोजलीस ना? टेबलावर ठेवून कोण वाजवतं? आडव्या वाद्याची मान मागून टेकलेली असते, ती खोटं बोलते. मांडीवर घे, वाजवायला बसतोस तसा बस, आणि मग पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून मध्ये किती फट राहते ते बघ. फट राहणारच नाही. मानेतल्या सळईचा स्क्रू पाव फेरा सैल कर. पाव म्हणजे पाव. मग एक दिवस हात लावू नकोस, लाकडाला हलायला वेळ दे.

बाकी काही करायचं नाही. आणि ते वाद्य गिऱ्हाइकाचं आहे. उद्या येऊन मागितलं तर?

मामा

१८ फेब्रुवारी

मामा,

पाव फेरा सैल केला. खरखर गेली. याबद्दल आभार, आणि ते मनापासून आहेत, कारण पुढचं मनापासून नाही.

गिऱ्हाईक? माझ्या जन्माआधीपासून जे गिऱ्हाईक आलं नाही ते नेमकं मार्चमध्ये येणार आहे? तुमच्या दुकानात आजवर काय काय पडून आहे ते मी लहानपणी पाहिलं आहे. मान तुटलेली व्हायोलिनं तुम्ही खिडकीला टेकू म्हणून लावता, त्यांच्या मालकांची कधी एवढी काळजी केलेली दिसली नाही.

जुनी मान अरुंद आहे, हे मान्य. मग नवी मान करून द्या, पाच तारांची. जुनी चार स्क्रूंवर तर बसवलेली आहे, काढून कागदात गुंडाळून ठेवा, तुमचं गिऱ्हाईक आलं की लावून द्या. यात कुणाचं काय बिघडतं?

कृपया नीट उत्तर द्या. मला झोप लागत नाही. सरावात त्या बिस्किटवाल्यानं काल मला विचारलं, "अजून चारच?" मी पुढचं पूर्ण गाणं अर्ध्या तालानं मागे वाजवलं आणि मास्तरांनी काठी आपटली.

भाचा

२६ फेब्रुवारी

मोजपट्टी,

एकदा "नाही" म्हटलं की माझ्या कारखान्यात त्याचा अर्थ "नाही" असाच होतो. नवी मान त्या धडावर मी बसवणार नाही. मालक जिवंत आहे. त्याच्या हाताच्या मापानं ती मान केलेली आहे आणि ती तशीच राहील. कुणाकडून तरी पाच तारांचा बेस उसना घे आणि माझं डोकं खाऊ नकोस. इथे दोन मेंडोलिनं उघडी पडली आहेत आणि सरस वाळतोय.

मामा

३ मार्च

मामा,

मालक जिवंत आहे तर पत्ता द्या. मी स्वतः जाऊन विचारतो. पाया पडतो. नाव तरी सांगा. आई "टाकून दिलेलं" म्हणते, तुम्ही आधी "उद्या मागेल" म्हणता, मग "हाताच्या मापानं केलं आहे" म्हणता. टाकून देणारा माणूस हाताचं माप देऊन करून घेतो का?

मला वाटतं मालक वगैरे कुणी नाही. मी नववीतून शाळा सोडली आणि पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये भोकं पाडतो, म्हणून तुम्हाला वाटतं की माझ्यासाठी हात काळे करण्यात अर्थ नाही. मावशीच्या मुलाला तुम्ही न मागता गिटार करून दिलीत, ती त्यानं कपाटावर ठेवली आहे, वर धूळ आहे. मी मोजलेली नाही, पण बोट बुडेल एवढी आहे.

ठीक आहे. भोकं पाडणं हाच माझा धंदा आहे. वर्कशॉपमधून हातड्रिल घरी आणण्याची परवानगी मिळाली आहे. येत्या रविवारी डोक्यात भोक मी पाडणार. लाकूड फाटलं तर फाटू दे. तसंही असून काय उपयोग?

भाचा

६ मार्च

ड्रिल लावलंस तर या घराची पायरी चढू नकोस. तुझ्या आईची शप्पथ घालून सांगतो, थांब. कारण सांगू शकत नाही. वचन दिलं आहे. हे पत्र रविवारच्या आत पोचू दे.

मामा

११ मार्च

मामा,

पत्र सोमवारी पोचलं.

रविवारी काय झालं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कुणाला विचारायला नको. आई शिवणाच्या दुकानात गेली होती. तिथे रविवारीही कपड्यांच्या दुरुस्त्या असतात. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेस ठेवला, खाली दुलई घातली, डोक्याला दोन्हीकडून लाकडी पट्ट्या लावून शिकंजा आवळला. पेन्सिलीनं खूण केली. पुसली, परत केली. ड्रिल चालू केलं आणि आई दारात उभी. कात्री घ्यायला परत आली होती.

तिनं आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग माझ्या मनगटावर इतक्या जोरात मारलं की ड्रिल हातातून सुटलं. मी म्हटलं, "अगं, कुणाचं तरी पडीक वाद्य आहे, त्यासाठी मला मारतेस?" ती शिकंजा सोडवत होती. म्हणाली, "पडीक तुझा मामा."

मग तिनं बेस मांडीवर घेतला, चपलांसकट, खांद्याला पर्स तशीच. कान खुंटीजवळ नेला, चारही तारा लावल्या, सूर जुळवायचं यंत्र न बघता. मला यंत्रावर जेवढा वेळ लागतो त्याच्या पाव वेळात. आणि वाजवायला लागली. मामा, मी जी चाल गेले चार महिने घासतो आहे ती तिनं भिंतीपलीकडून ऐकून उचललेली होती, आणि ती जशी असायला हवी तशी वाजवली. त्या मानेवर तिचा हात असा बसला की मला माझाच हात बघवेना. मला जी मान अरुंद वाटते ती अरुंद नाहीच. ती फक्त माझी नाही.

मी बाबांकडे बघितलं. ते दारात येऊन उभे होते. म्हणाले, "मला काय बघतोस? मी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती हेच करत होती."

म्हणजे तुम्हाला माहीत. बाबांना माहीत. मावशीला माहीत असणारच. मी एकटा घरात राहून, तिच्याच पलंगाखालून काढून, तिच्याच वाद्यावर तिच्यासमोर रोज चुका करत होतो, आणि ती पोळपाटावर मान खाली घालून ऐकत होती! एका शब्दानं कुणी सांगितलं नाही की "अरे, बोट तिथे नाही, तिथे." मला माझ्याच घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं. आईला विचारलं तर म्हणते, "मामाला विचार." म्हणून विचारतो. आणि या वेळी सरस वाळतोय असं लिहू नका.

भाचा

१७ मार्च

मोजपट्टी,

आवाज खाली. तू मला जाब विचारणार?

हो, तिचा आहे. आमच्या बँडमध्ये ती चार वर्षं बेस वाजवायची आणि तिच्यासारखा तेव्हा या भागात कुणी वाजवत नव्हता. तो बेस मी माझ्या हातांनी केला, तिच्या हाताचं माप घेऊन. तिनं बँड सोडला तेव्हा तू पोटात होतास. बाईमाणसाला घर आलं, मूल आलं, जे व्हायचं ते झालं. तिनं मला शपथ घातली की मुलांना सांगायचं नाही. मी तोंडाला कुलूप लावलं आणि ते वाद्य जसंच्या तसं राखलं. तिची आठवण म्हणून. तुला त्याच्यात भोकं पाडू दिली नाहीत म्हणून मी वाईट? ज्याच्यापायी तिनं वाद्य खाली ठेवलं तोच ड्रिल घेऊन उभा राहतो, आणि वर मलाच बोलतो.

मामा

२२ मार्च

दादा,

तू माझ्या पोराला लिहिलेलं पत्र त्यानं मला दाखवलं नाही. तीन दिवस जेवला नाही तेव्हा मी त्याच्या खिशातून काढून वाचलं. असं वाचू नये, माहीत आहे. तुला बोलायची सोय नाही.

"ज्याच्यापायी तिनं वाद्य खाली ठेवलं." दादा, लाज कशी वाटली नाही रे तुला? तो पोटात होता म्हणून मी सोडलं? पाचव्या महिन्यापर्यंत मी बेस पोटाच्या कडेला तिरका धरून वाजवत होते, आणि तू शेजारी उभा होतास!

का सोडलं ते मी सांगते, कारण तुला सोयीनं विसरायला होतं. तेव्हाही गाणी खालच्या पट्टीत गेली. तेव्हाही बँडच्या मालकाला खालचे सूर हवे होते. मी तुला काय म्हटलं होतं? पाच तारांच्या संचातल्या खालच्या चार जाड तारा घेऊ, बारीक पाचवी टाकून देऊ. चार खुंट्या, चार तारा, वाद्य तेच. फक्त नटच्या खाचा जाड तारांसाठी थोड्या रुंद कराव्या लागतील. हाडाचा बोटभर तुकडा. तू काय म्हणालास? "हे मी केलेलं पहिलं वाद्य आहे, याला कानस लावणार नाही." मी दुसरं नट करून मागितलं, तर म्हणालास, "जाड तारांनी याचा आवाज लोंबेल, रेंगाळत राहील." लोंबू दे, म्हटलं, वाजवायचं मला आहे. नाही म्हणजे नाहीच. पुढच्या आठवड्यात मालकानं दुसरा माणूस आणला आणि तू त्याच्या शेजारी उभा राहून गिटार वाजवलीस.

मग सगळे म्हणायला लागले, बाई संसारात पडली. मी पण हो म्हणत राहिले. माझा सख्खा भाऊ माझ्यासाठी एक खाच रुंद करायला तयार झाला नाही, हे कुठल्या तोंडानं सांगणार होते? म्हणून तुला शपथ घातली. मुलांनी विचारू नये म्हणून. तुझ्या त्या राखणीसाठी नाही.

तू माझी आठवण नाही राखलीस, तू तुझी पहिली कारागिरी राखलीस. आणि पोरगा तेच मागायला आला तेव्हा तुला आठवलं असेलच, की पाचवी खुंटी लागतच नाही. त्या बिचाऱ्याला सुचलं नाही, त्याला पाच म्हणजे पाच. तुला माहीत होतं. तरी सांगितलं नाहीस.

आता ऐक. नवं नट कर, रुंद खाचांचं. जाड तारा त्यात घाल. घोडी मी इथे वर-खाली करून जुळवून घेते. अठ्ठावीस तारखेच्या आत मला पार्सल हवं. नाही आलं तर मी शिवणाच्या दुकानातली कात्र्या घासायची कानस घेऊन जुन्याच नटला लावीन, आणि त्याचा भुगा तुला पाकिटात घालून पाठवीन.

तुझी बहीण

२५ मार्च

नट आणि तारा पाठवल्या आहेत. नट दोनदा केलं. पहिल्यात जाड तारेची खाच खोल गेली होती. तारा चढवल्यावर मान पुढे ओढली जाईल, सळई पाव फेरा आवळा. मांडीवर घेऊन बघा, टेबलावर नाही.

आवाज थोडा लोंबेलच. जुनं नट फेकू नकोस.

दादा

९ एप्रिल

मामा,

नट बसलं. मी बसवलं. खाली कागदाची घडीसुद्धा घालावी लागली नाही. तुमच्या हाताबद्दल मला कधीच शंका नव्हती. तुमच्या बाकी सगळ्याबद्दल होती आणि आहे. मला जे लिहिलंत त्याबद्दल तुम्ही अजून एक ओळ लिहिलेली नाही, हे माझ्या लक्षात आहे.

पण आज राग तुमच्यावर नाही.

तारा चढवल्या त्या दिवशी माझी संध्याकाळची पाळी होती. आई म्हणाली, "मास्तरांना सांगून येते की बेस तयार आहे, उद्यापासून नवीन सूर वाजवशील." बेस दाखवायला बरोबर घेऊन गेली. मला हे चांगलं वाटलं. मी तिला टॅक्सी करून दिली.

मास्तरांनी विचारलं, "खालचे सूर खरंच लागतात का?" आई म्हणाली, "बघा." आणि तिनं लावून दाखवले. मग म्हणे ढोलकवाला नुसता हात फिरवून बघत होता, मग गाणारी उठून उभी राहिली, मग पूर्ण सराव झाला. बिस्किटवाला त्याच संध्याकाळी पुडा तिथेच ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर मास्तर मला जिन्यातच भेटले. म्हणाले, "तुझा हात बरोबर पडतो रे, पण घाबरत पडतो. बाईंचा बघ. तू वाईट वाटून घेऊ नकोस, अं?"

बाई! माझ्या आईला बाई म्हणतात आणि मला वाईट वाटून घेऊ नकोस म्हणतात!

पहिला शनिवार झाला. हॉटेलात आई काळ्या साडीत मागच्या बाजूला उभी होती आणि तिच्या दांडग्या स्पीकरची एक बाजू धरून मी तो तीन जिने चढवला होता. दुसरी बाजू बाबांनी धरली होती आणि चढताना ते शीळ घालत होते. त्या खालच्या सुरांनी टेबलावरचे ग्लास थरथरत होते. आवाज लोंबतो, तुमचं खरं आहे. ती तो लोंबू देते आणि बरोबर वेळी पकडते. ते कसं करते, मी जवळून बघितलं तरी मला कळलं नाही.

घरी येताना टॅक्सीत मी तिच्याकडे पाठ करून बसलो. ती म्हणाली, "राग आलाय?" मी म्हटलं, "हो." म्हटलं, "ती जागा माझी होती. सहा महिने मी त्या खोलीत टायरचा वास खाल्ला आहे. तू निरोप द्यायला गेली होतीस." वाटलं होतं की ती रडेल, किंवा सोडते म्हणेल. मी तेवढ्यासाठीच बोललो होतो, हेही लिहितो. ती म्हणाली, "मी एकदा सोडली, आता सोडणार नाही. तुला हवी असेल तर सरावाला ये आणि माझ्याकडून घे. मास्तर दोघांना ऐकतील." आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाबा पुढच्या सीटवर हसत होते, खांदे हलताना दिसत होते.

तर मामा, मला एक बेस करून द्या. पाच तारांचा, पाच खुंट्यांचा, लांब मानेचा, नवा. कुणाची आठवण नको, कुणाचं गिऱ्हाईक नको. सोबत माझ्या दोन्ही हातांचा कागदावर काढलेला आकार आहे. बोटांची लांबी वेगळी लिहिली आहे, पण तुम्हाला ती लागणार नाही हे मला आता माहीत आहे. मान कोरताना मी तिथे येऊन बसेन, तुम्ही "कामात आहे" म्हणालात तरी. जिथे कानस लावा म्हणेन तिथे लावायची.

सुट्टीसाठी वर्कशॉपमध्ये अर्ज केला आहे. तोपर्यंत मी आईच्याच बेसवर, ती शिवणाला गेली की रोज वाजवतो. तिला ते माहीत आहे, कारण परत आल्यावर ती तारांना हात लावते आणि म्हणते, "आज जाड तारेवर जास्त दाबलंस."

आईला यातलं काही सांगू नका असं मी म्हणणार नाही. सांगा. माझा बेस तयार होतोय हे तिला कळू दे. आत्तापासून घाबरू दे.

तुमचा भाचा